तांदूळ कुठं मिळेल, प्लीज

त्या दिवशी सकाळी ती माझ्या पायाची नखं कापत होती. मला वाकता येत नाही, कमरेची वाट लागून बरीच वर्षं झाली, म्हणून हे काम तिचंच. पडवीत मी खुर्चीवर, ती खाली पाटावर, माझा पाय तिच्या मांडीवर पसरलेल्या फडक्यात. आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मग कापायचं, आणि कापताना तोंड चालू. पूर्वी गावातल्या बायकांची उणीदुणी चालायची. हल्ली इंग्रजी चालू होतं. अंगठ्याला "एक्स्क्यूज मी". पुढच्या बोटाला "व्हेअर इज द राईस, प्लीज". मधल्याला "हाऊ मच इज धिस". करंगळीचं नख मांसात शिरलेलं, तिथं ती थांबायची, जीभ दातात धरायची, आणि तुकडा सुटला की मोठ्यानं म्हणायची, "आय डोंट नीड अ बॅग, थँक यू."

मी म्हटलं, "करंगळीला बॅग कशाला पायजे गो?"

"तुमी गप बसा वो. लय शानपणा केला तं रक्त काढीन."

"काढ. पन त्याला बी प्लीज म्हन."

ती हसली. हसताना तिचा खालचा एक दात हलायचा, तो ती जिभेनं धरून ठेवायची. दुपारी आम्ही हायवेवरच्या दुकानात गेलो. दिवस मावळताना ती मेली. मेली ते मेली, म्हातारी माणसं मरतात. पण तिला त्या दुकानाच्या दारात चोर म्हटलं गेलं, लोकांसमोर, आणि तो शब्द अंगावर घेऊन ती गेली. तो शब्द मला तिच्या अंगावरून काढायचा होता. बाकी मला काही नको होतं.

मी खरं म्हणजे लहानपणाचं लिहायला बसलोय. चौथी शिकलेला माणूस, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. विलास, माझा मुलगा, म्हणाला बाबा लिहा, मन रमेल. मन काही रमत नाही. पण लहानपणाचं लिहायला घेतलं की हे मध्ये येतं, आणि हे लिहायला घेतलं की लहानपण मध्ये येतं. तेव्हा दोन्ही एकत्रच लिहितो.

आमचं मूळ घर मुरबाडच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. कुडाच्या भिंती, वर कौलं, आत एका कोपऱ्यात म्हैस, दुसऱ्या कोपऱ्यात आम्ही. सकाळी जाग यायची ती उखळाच्या आवाजानं. आई भात कांडायची. एकदा मुसळ पडलं की तिच्या तोंडून हं निघायचं, परत पडलं की परत हं. तो आवाज चालू असला की मी अंथरुणात पडून राहायचो, कारण आवाज चालू म्हणजे बाप अजून उठलेला नाही. आवाज थांबला की मी पण उठून बसायचो. पेज व्हायची, कधी वालाचं बिरडं, कधी नुसती भाकरी आणि भाजलेलं सुकट. खायला मिळत नव्हतं असं नाही. पण मागायचं नाही. आमच्या घरात मागायची भाषाच नव्हती. बापाला जे पाहिजे ते तो उचलायचा, आणि आम्हाला जे पाहिजे ते तो देईल तेव्हा. तोंड उघडून मागितलं की हात पडायचा. वहाण, काठी, चुलीतलं लाकूड, जे जवळ असेल ते. माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा गुळाचा खडा मागितला, तर त्यानं तिचं डोकं खांबावर आपटलं आणि मग गूळ दिला. तिनं तो रडत रडत खाल्ला. मी बघत होतो. मला पण खडा पाहिजे होता.

एके दिवशी घरातलं मीठ संपलं. आई शेजारच्या काकूकडे गेली आणि वाटीभर मीठ मागून घेऊन आली. बाप दारात उभा. "मागायला गेलीस? माझ्या घरात नाय म्हनून सांगत फिरतेस?" त्यानं तिचा हात धरला, उखळाच्या काठावर ठेवला आणि वरून मुसळाचा दणका घातला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या काटकीसारखा असतो, कोरड्या नाही. वाटी पडली, मीठ शेणाच्या जमिनीवर पसरलं. आई ओरडली नाही. तिनं डाव्या हातानं मीठ गोळा करायला सुरुवात केली. तो हात नंतर वाकडाच बसला. त्याच वाकड्या हातानं ती कांडायची, तेव्हा मुसळ जरा तिरकं पडायचं आणि हं जरा उशिरा निघायचं. मला अजून तो आवाज झोपेत येतो. कोणी म्हणतात म्हाताऱ्याला जुनं आठवतं ते बरं असतं. त्यांना माझं जुनं देऊन बघा.

आमच्या त्या जगात न मागता मिळणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वानगी. आठवड्याच्या बाजारात तांदळाची पोती उघडून ठेवलेली असायची. ज्याला तांदूळ घ्यायचा तो आधी दोन दाणे दाताखाली धरणार. जुना तांदूळ कट्ट वाजतो, नवा मऊ तुटतो. मग मूठभर तांदूळ पदराच्या टोकाला नाहीतर धोतराच्या सोग्याला बांधून घरी न्यायचा, शिजवून बघायचा, चिकट होतो का, फुलतो का, वास कसा येतो, आणि मग पुढच्या बाजाराला येऊन पोतं उचलायचं. ही वानगी. तिला कोणी विचारत नाही, विकणारा बघतही नाही. उलट जो वानगी न नेता पोतं घेतो त्याला बाजारातली माणसं वेड्यात काढतात. बाप पण वानगी न्यायचा, आणि ती मूठ शिजली की पहिला घास आईला द्यायचा, तांदूळ कसा ते बाईनंच सांगायचं म्हणून. वर्षभरात तेवढा एकच घास तो तिला हातानं द्यायचा.

अनशी माझ्या घरात आली तेव्हा मला नुकती मिसरूड फुटत होती. नाव अनसूया, सगळे अनशी म्हणायचे. ती शहापूरकडची, तानसाच्या बाजूची, अंगानं काटकुळी, तोंडानं फाटकी. पहिल्याच बाजाराला ती पदराच्या वेगवेगळ्या टोकांना वेगवेगळे तांदूळ बांधून आली आणि कुठली गाठ कुठल्या पोत्याची ते तिला बरोबर माहीत. रात्री चुलीवर छोट्या छोट्या भांड्यांत शिजवून तिनं बापाच्या पुढं ठेवलं आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, हा घ्या. बाकीचे म्हशीला घाला." बापानं हात उचलला. सून म्हणून का काय, तो हात वरच राहिला, मग खाली आला आणि त्यानं तांदूळ खाल्ला. म्हणाला, "चांगला हाय." माझ्या आईनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर पदर तोंडावर घेऊन हसून घेतलं. पुढं बाप म्हातारा झाला, पडून राहिला, अनशीनंच त्याचं हगणंमुतणं काढलं. तो तिला शिव्या द्यायचा, ती त्याला शिव्या द्यायची, आणि घरात पहिल्यांदा कोणीतरी बापाला उत्तर देतंय म्हणून मला झोप चांगली लागायची. तो गेल्यावर आम्ही तिच्या माहेराजवळ, शहापूरच्या बाजूला शेत घेतलं आणि तिथंच राहिलो.

ते शेत रस्त्यात गेलं. पिकवणाराच तांदूळ विकत घ्यायला लागला, आणि आमची अनशी विकतच्या तांदळाकडे अशी बघायची की जणू कोणी सवत घरात आणलीय. त्यात हायवेला ते मोठं दुकान झालं. आत थंडगार, वर पांढरे दिवे, चाकाच्या गाड्या ढकलत माणसं फिरणार, आणि दाराजवळ मुली सारख्या टिटिक टिटिक करत सामान मशीनवरून ओढणार. सगळे त्याला मॉल म्हणतात. सुजाता, विलासची बायको, कल्याणात वाढलेली पोर, ती आम्हाला पहिल्यांदा घेऊन गेली. अनशीनं तिथल्या एका मुलीला दरडावून विचारलं, "ए पोरी, तांदूळ कुठाय?" ती मुलगी दुसरीकडे बघून हसली आणि हिंदीत काहीतरी बोलली. सुजाताचं तोंड लाल झालं. अनशीनं ते बघितलं. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाली, "सुजे, तुज्या त्या दुकानात कसं बोलायचं ते मला शिकव. तुला माझी लाज वाटाया नको."

सुजाता म्हणाली, "आई, लाज नाही ओ."

"वाटली. मी आंधळी हाय का?"

विलास आणि ती वाशिंदला राहायचे, तिथून मग सुजाता दर रविवारी यायची आणि शिकवायची. मला वाटलं दोन रविवारांत सोडेल. सोडलं नाही. दळण टिपताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, अंघोळीचं पाणी काढताना तिचं चालू. कोंबडी पायात आली की "एक्स्क्यूज मी". मी भाजीला काय आहे म्हणून टोपलीत डोकावलो तर मला म्हणायची, "जस्ट लुकिंग का? मग बाजूला व्हा." मी एकदा विचारलं, "एक्स्क्यूज मी म्हंजे काय?"

"वाट द्या."

"मग वाट दे म्हन ना."

"तसं म्हटलं की लोक चिडत्यात. ह्यानं चिडत नाय."

प्लीजवर मात्र तिचं मन बसलं. तिनं सुजाताला विचारलं याला मराठीत काय म्हणायचं. सुजातानं कृपया सांगितलं. अनशी म्हणाली, तो तर स्टेशनातल्या भोंग्याचा शब्द, माणसाचा नाय. माणसानं माणसाला काय म्हणायचं? सुजाताला सांगता आलं नाही. मला पण नाही. आमच्या घरात जे मागितलं त्याला मार मिळाला आणि जे मिळालं ते ओढून घेतलेलं. अनशी हातातलं पीठ मळत म्हणाली, "किती बरं हाय. मागायचं बी आणि हात बी जोडायचा, एकाच शबुदात." त्या दिवसापासून ती मला पाण्याचा तांब्यासुद्धा प्लीज म्हणून मागायची. मी उठून द्यायचो. पन्नास वर्षांत मी तिला उठून पाणी दिलं असेल नसेल.

दुकानाच्या दारात राखणीला मारुती असायचा. निळा शर्ट, टोपी, वर शिट्टी. डोंगराकडच्या पाड्यावरचा, तिशी उलटलेला, बायकोपोरांचा माणूस. त्याचा बाप करवंदं आणि सरपण घेऊन आमच्या बाजाराला बसायचा, आम्ही ओळखत होतो. अनशी बाहेर पडताना त्याला म्हणायची, "थँक यू, भाऊ." तो म्हणायचा, "आयला मावशी, विंग्लिश! आता आमाला नोकरी सोडाया लागंल." आणि पिशवी रिक्षापर्यंत आणून द्यायचा. हे लिहून ठेवतो, कारण नंतर सगळे म्हणायला लागले तो पहिल्यापासूनच हलकट होता. नव्हता.

त्या दिवशी आम्ही गेलो ते विलासच्या नव्या घराच्या पूजेसाठी. माणसं जेवायला येणार, तांदळाची गोणी लागणार. दुकानात सुटा तांदूळ मोठ्या काचेच्या पेट्यांत भरलेला असतो, वर झाकण, आत पितळी माप. अनशीनं एका मुलीला नीट विचारलं, "एक्स्क्यूज मी, व्हेअर इज द राईस, प्लीज?" मुलगी हसली नाही. "दॅट साईड, मॅम." अनशी माझ्याकडे बघून अशी चालायला लागली जशी पाटलाची सून. पेटीपाशी जाऊन तिनं झाकण उघडलं, दाणे दाताखाली धरले, डोळे मिटले. कट्ट. "जुना हाय." शेजारच्या पेटीतला धरला. "ह्यो बी बरा. पन दिसन्यावर काय नसतं, शिजल्यावर कळंल." आणि तिनं एक मूठ पदराच्या एका टोकाला बांधली, दुसरी मूठ दुसऱ्या टोकाला. मी बघत होतो. मला काही वेगळं वाटलंच नाही. माझी आई, माझी आजी, सगळ्यांचे पदर असेच बांधलेले बघत मी वाढलो. मी माझे नारळ, अगरबत्ती, कापूर घेतला. पैसे देताना ती म्हणाली, "कॅश, प्लीज," आणि मुलगी म्हणाली, "थँक यू, मॅम," आणि अनशीनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

दारात त्या दिवशी मारुतीच्या मागं त्यांचा एक साहेब उभा होता. टाय, कानात यंत्र. आधल्या दिवशी कोणीतरी काहीतरी उचलून नेलं म्हणून तो मारुतीला झापत होता, ते आम्ही येतानाच ऐकलं होतं.

"मावशी, थांब जरा," मारुती म्हणाला. "पदराला काय हाय?"

"वानगी."

मारुतीला वानगी माहीत होती. त्याच्या तोंडावर ते दिसलं, तो हसायलाच निघाला होता. पण साहेबानं मागून विचारलं, "क्या है? खोलके दिखाओ."

"मावशी, सोड ती गाठ. परत टाक जा."

"अरे, घरी शिजवून बघते रे. बरा निघाला तं उद्या गोनी न्यायला येते. विलासच्या पूजेला हाय."

"चोरी है ये," साहेब म्हणाला, आणि मग मोठ्यानं, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हातारी चोर आहे. पकड तिला." मागं रांग होती. रांगेतले मोबाईल वर झाले. कोणीतरी म्हणालं, बघ बघ, पदरात बांधून नेतात.

अनशी मला वाटलं आता शिव्या देणार. तिच्या तोंडात शिव्यांची कमी नव्हती. पण ती हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "एक्स्क्यूज मी. प्लीज." आणि थांबली. पुढचं वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते असतं तरी कुठं? सुजाताला वानगी माहीत नव्हती, आणि आम्हाला वानगीला शब्द लागतो हे माहीत नव्हतं. ती परत म्हणाली, "प्लीज." साहेबानं मारुतीच्या पाठीत ढोसलं, "नोकरी करायची का नाही?" आणि मारुतीनं तिचा पदर धरून ओढला.

पदर निघाला. डोकं उघडं, छाती उघडी, म्हातारी बाई, सगळ्या त्या पांढऱ्या दिव्यांखाली.

माझ्या हातात नारळांची पिशवी होती. मी ती फिरवली. कमरेचं दुखणं तेव्हा कुठं गेलं होतं मला माहीत नाही. पिशवी मारुतीच्या गालफडावर बसली आणि ओल्या काटकीचा तोच आवाज आला. त्याच्या तोंडातून रक्त आणि दात बाहेर आले, निळ्या शर्टावर ओघळ. मी परत मारलं, या खेपेला भुवईवर. परत मारणार होतो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू. बापाचा हात असाच पडायचा, वरून, पूर्ण वजनानं, आणि आज तो माझ्या खांद्यातून निघत होता आणि मी त्याला अडवला नाही. साहेबानं मला मागून गळ्याला धरलं, आणखी कोणी पायात पाय घातला, मी खाली पडलो, कोणाचा तरी गुडघा माझ्या छातीवर आला. मी त्या पायाला चावलो. मांस तोंडात येईस्तोवर चावलो. वरून लाथा पडत होत्या, कोण मारतंय कळत नव्हतं. अनशी ओरडत मध्ये घुसली, "सोडा त्येंना, म्हातारं हाय, मरंल." मारुतीच्या डोळ्यांत रक्त गेलेलं, त्याला दिसत नव्हतं, त्याला वाटलं परत मार येतोय. त्यानं हात जोरात झटकला. अनशी उलटी गेली. दाराशी लोखंडी दांडा आहे, गाड्या अडवायचा, त्यावर तिचं डोकं बसलं.

तो आवाज मी लिहीत नाही.

नंतर ती कोणाच्या हातानं पडली याचा हिशेब लोक करत बसले. माझ्यामुळं पडली, त्याच्यामुळं पडली, साहेबामुळं पडली. करा. मी करत नाही.

ती उठली. हे कोणी धरत नाही, पण ती उठली. कोणीतरी पाणी आणलं, तिनं घेतलं नाही. पदर डोक्यावरून घेतला, माझा हात धरला आणि म्हणाली, "चला." रक्त थोडंच होतं, केसांत. साहेब घाबरलेला, त्यानं अडवलं नाही. रिक्षात ती माझ्या फुटलेल्या ओठाला पदर लावून बसली. घरी आल्यावर चहा ठेवला, स्वतः. मला दिला. तिच्या कपात साय आली तरी तिनं तोंड लावलं नाही. म्हणाली, "मला चोर म्हनले ना वो?"

"म्हनू दे. भडवे हायत."

"नाय वो. समदे बघत व्हते. सुजीच्या वळखीचं बी कोन असंल." मग कप बाजूला सारून, "मी मागायला पायजे व्हतं. पन वानगी कोन मागतं?"

असं म्हणून ती आडवी झाली. बोलणं जड व्हायला लागलं. ओकारी झाली. मी शेजारच्याची जीप आणली, शहापुरातून पुढं ठाण्याला न्यायला सांगितलं. वाटेतच, माझ्या मांडीवर, तिची जीभ त्या हलणाऱ्या दातापाशी अडकली, एक घर्रर आवाज आला आणि थांबला.

हॉस्पिटलात विलास आला, सुजाता आली, पुतण्या दिन्या त्याची पोरं घेऊन आला. सुजाता भिंतीला टेकून खाली बसली आणि स्वतःच्या तोंडावर चापट्या मारून घ्यायला लागली, "मी शिकवलं, मी शिकवलं." मी तिचे हात धरले. त्या दिवशी मी कोणाला फक्त धरलं, मारलं नाही, ते तेवढंच. पोलीस म्हणाले उद्या सगळ्यांचे जबाब घेऊ, आज बॉडी चिरायला ठेवायची आहे. मग दुकानाचा एक माणूस आला, साहेब नव्हे, दुसरा, गोड बोलणारा. विलासला बाजूला घेऊन म्हणाला, चोरीची तक्रार आम्ही देत नाही, तुम्ही मारहाणीची देऊ नका, आई घरी पाय घसरून पडल्या म्हणा, सगळंच मिटतं.

विलास माझ्याकडे आला. "बाबा, त्याचा जबडा मोडलाय. तुमच्यावर बी केस व्हईल. या वयात..."

दिन्या म्हणाला, "काका, तुमी नुस्तं व्हय म्हना. दुकान बी पेटवतो आणि तो मारुत्या बी जित्ता ऱ्हात नाय."

मी त्या गोड माणसाकडे गेलो. म्हटलं, "मिटवतो. ती चोर नव्हती असं दारात उभं राहून सगळ्यांसमोर बोला."

तो म्हणाला, "आजोबा, कॅमेऱ्यात दिसतंय ओ."

मी त्याच्या तोंडावर थुंकलो. विलासनं मला ओढून बाजूला नेलं. तो गोड माणूस तिथंच रुमालानं तोंड पुसत उभा राहिला आणि तेव्हा मला कळलं की हे लोक तो शब्द परत घेणार नाहीत. यांना वानगी माहीतच नाही. ज्याला माहीत होती आणि ज्यानं माहीत असून पदर ओढला, त्याच्याच तोंडून ती चोर नव्हती हे यायला पाहिजे.

सकाळी उजाडता उजाडता मी कोयता घेऊन मारुतीच्या पाड्यावर गेलो. चढ आहे, दम लागला, बसत बसत गेलो. त्याच्या बायकोनं मला बघितलं आणि पोरांना घेऊन आत पळाली. मारुती अंगणात बाजेवर, तोंडाला हनुवटीपासून डोक्यापर्यंत पट्टी गुंडाळलेली, गाल कलिंगडासारखा. तो पळाला नाही. मला बघून उभा राहिला, एवढंच. त्याची आई माझ्या पायात पडली.

"दादा, नको मारू. माजा एकटाच हाय."

"माजी बी एकटीच व्हती," मी म्हटलं, आणि त्याची कॉलर धरली. "चल."

तो चालत आला. कोयता माझ्या डाव्या हातात, तो उजव्या. गावाच्या तोंडाशी दिन्या आणि पोरं मोटारसायकली आडव्या लावून उभी, हातात दांडके. एकानं पळत येऊन त्याच्या पाठीत घातला. मारुती गुडघ्यावर गेला. मी कोयता वर केला. "दिन्या, तुज्या बापाचा भाऊ हाय मी. ह्याला जो हात लावंल त्याचा हात खाली पाडीन." पोरांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरंच पाडेल हे त्यांना दिसलं असावं, कारण ती बाजूला झाली. बाजूला होताना दिन्या त्याच्या अंगावर थुंकला.

हॉस्पिटलातून तिला घेऊन गाडी आली होती. अनशीला अंगणात तिरडीवर ठेवलेलं, हळदीकुंकू लावलेलं, पदर डोक्यावरून घट्ट. सगळी भावकी, वाशिंदहून सुजाताच्या बिल्डिंगमधल्या बायका, काल रांगेत मोबाईल धरून उभी असलेली दोन तोंडं पण मी ओळखली. मी मारुतीला मध्ये उभा केला आणि म्हटलं, "बोल. ती कोन व्हती ते बोल."

तो तोंड उघडायला गेला. पट्टीखालून लाळ आणि रक्त आलं, आणि आं असा आवाज. परत प्रयत्न केला. परत आं. डोळ्यांतून पाणी, मान हलवतोय, नाही नाही अशी, हात जोडतोय तिच्याकडे बघून, पण शब्द निघत नाही. निघणार कुठून. मीच मोडला होता तो जबडा. "बोल," मी परत ओरडलो आणि त्याच्या थोबाडीत मारायला हात उचलला, आणि बघितलं तर मारायला जागाच नव्हती. कोणीतरी बाई हुंदका देऊन थांबली.

विलासच्या हातात मडकं होतं. तिरडीच्या पुढच्या उजव्या बाजूला दिन्या वाकला होता. मी त्याला दंडाला धरून बाजूला काढला आणि तिथं मारुतीला वाकवला. "तोंडानं जमत नाय तं खांद्यानं बोल." "काका!" दिन्या ओरडला. भावकीतले दोन म्हातारे पुढं आले, असं करू नको म्हणाले, परका माणूस, त्यात मारेकरी. मी कोयता खाली टाकला नाही. मारुतीनं खांदा लावला. बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं, मग त्यांनीही उचललं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते, हायवेवरून गाड्या जात होत्या. चढावर मारुतीचे पाय लटपटले, त्याच्या पट्टीतून गळणारं रक्त त्याच्याच शर्टावर पडत होतं, तिच्या हिरव्या लुगड्यापासून तो मान वाकडी करून ते लांब ठेवत होता. कोणीतरी म्हणालं, आता बदला कोणीतरी, पडेल तो. मी मागून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि नदीपर्यंत ती मान सोडली नाही.